खांद्यामागची बोटं

माझ्या भाच्याबद्दल वर्तमानपत्रात आजवर दोनदा छापून आलं. पहिल्यांदा अर्धं पान, फोटोसकट. दुसऱ्यांदा अडीच ओळी. त्या अडीच ओळींत ‘दुखापतीमुळे निवृत्त’ असं लिहिलं आहे, आणि ते वाचलं की माझं डोकं फिरतं. दुखापत काय, ठेच लागली तरी होते. त्याचा उजवा डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षी, देशाच्या संघाकडून चार सामने खेळून झाल्यावर. आणि तो एका दिवसात गेला नाही. सहा महिने हळूहळू, आम्हा सगळ्यांच्या देखत गेला, आणि आम्ही टाळ्या पिटत होतो. हे कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय. मी काही लेखक नाही. मैदान राखतो.

मैदान राखतो म्हणजे गवत कापतो, खड्डे बुजवतो, गोलच्या फाटलेल्या जाळ्या शिवतो आणि सामन्याच्या आदल्या दिवशी पांढऱ्या रेघा मारतो. एका लहानशा फुटबॉल क्लबात एकतीस वर्षं हेच चाललंय. दोन खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, रंगाचा गाडा दोरीला धरून ढकलायचा. दिसायला पोरखेळ, पण शंभर पावलांत हात बोटभर जरी हलला तरी सगळ्या गावाला दिसतो. माझी रेघ वाकडी म्हणणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छाती काढून सांगायचो. क्लबातले सगळे मला मामाच म्हणतात, अध्यक्षांपासून पंचापर्यंत. पण खरा भाचा एकच.

ताई माझी थोरली बहीण. रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला. पोरगा तीन वर्षांचा असताना तिचा नवरा घर सोडून गेला. त्याच्यावर मी याहून जास्त शाई घालवणार नाही. ताईची कामाची पाळी दुपारी सुटायची, मग बसच्या दोन फेऱ्या, म्हणून शाळा सुटली की पोरगा माझ्याकडे. स्वस्थ बसेल तर शपथ. चहा पितानासुद्धा इकडे बघ, तिकडे बघ. त्याचं नाव मी भोवरा ठेवलं आणि तेच चिकटलं. पुढे मोठ्या स्टेडियममध्ये हजारो माणसं ‘भोवरा, भोवरा’ म्हणून ओरडली, तेव्हा ताई म्हणाली, “मी एवढं विचार करून नाव ठेवलं होतं, ते गेलं कुठे?”

सहा-सात वर्षांची पोरं चेंडूमागे गुळाला मुंगळे लागावेत तशी लागतात. हा नाही. हा मध्येच उभा राहून कोण कुठे आहे ते बघत बसायचा. क्लबाच्या कोचला तो आळशी वाटला. मला वाटलं, याला मधल्या फळीत घालावं. मधल्या फळीतल्या माणसावर चारी बाजूंनी माणसं चाल करून येतात. चेंडू पायाशी आल्यावर बघायला लागलास की संपलास. यायच्या आधी बघायचं. हे त्याला शिकवायला मी एक खेळ काढला.

सामानाच्या खोलीची मागची भिंत आहे. त्यानं चेंडू भिंतीवर मारायचा. चेंडू परत यायच्या आत मान वळवून मागे बघायचं. मागे मी उभा, हाताची बोटं वर करून. किती ते ओरडायचं आणि मग चेंडू पायात घ्यायचा. मी कधी डावीकडे सरकायचो, कधी उजवीकडे. हात कधी डोक्यावर, कधी कमरेशी, कधी नुसती मूठ. मूठ असली की “शून्य!” चुकलं की मैदानाला एक फेरी. सात वर्षांचा असल्यापासून नऊ वर्षं, रोज संध्याकाळी ताई येईपर्यंत, “तीन! एक! शून्य! पाच!” शेजारच्या इमारतीतली एक बाई मला येऊन विचारून गेली, की हा मुलगा गणितात कच्चा आहे का.

सोळाव्या वर्षी मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबनं त्याला उचललं. वसतिगृहात एका खोलीत चौघं, आणि चौघंही एकाच जागेवर टपलेले. पहिलं वर्ष त्यानं पोरांच्या संघातही बाकावर काढलं. तिथला मुख्य कोच टकला, तोंडाचा फटकळ, पण नजरेचा पक्का. त्याच्या हाताखाली एक लॅपटॉपवाला होता. कोण किती पळालं, कुणी किती पास दिले, कुणी किती वेळा मान वळवली, सगळं तो मोजायचा. टकल्याला एक दिवस त्या आकड्यांत आमचा भोवरा दिसला. अठराव्या वर्षी तो वरच्या संघात गेला. पहिल्या सामन्यात अकरा मिनिटं खेळला, चेंडूला सहा वेळा पाय लागला. ते सहाच्या सहा ताईनं मला फोनवर सांगितले. मी तोच सामना तिच्यासारखाच टीव्हीवर बघत होतो, तरी ऐकून घेतले.

एकोणिसावं लागलं आणि देशाच्या संघातून बोलावणं आलं. ताई पाळीवर होती. न घडी केलेल्या चादरींच्या ढिगावर बसून रडली म्हणे, आणि मुकादमिणीनं पहिल्यांदाच तिला उठ म्हटलं नाही.

त्याच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. सरावात जवळून मारलेला चेंडू त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. तीन दिवस डोळा सुजून बंद. संघाच्या फिजिओनं बर्फ लावला. सूज उतरल्यावर भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. सगळी अक्षरं वाचली, अगदी खालच्या ओळीतली बारीकसुद्धा. झालं, डोळा ठीक. कुणी कुणाला फसवलं नाही. त्याला समोरचं खरोखरच नीट दिसत होतं.

पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर आठवड्याभरानं त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “मामा, उजवीकडे अगदी कडेला काहीतरी चमकतं. वळून बघितलं तर काही नसतं.”

“फोन ठेव आणि झोप काढ,” मी म्हटलं. “दिवसभर त्या फोनमध्ये तोंड खुपसून बसल्यावर चांदण्याच दिसणार.”

तो हसला. मीही हसलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तो संघाच्या डॉक्टरकडे का नाही गेला, असं मला लोक विचारतात. ज्यांनी कधी रांगेत जागा धरली नाही ते असलं विचारतात. त्याच्या मागे तिघं उभे होते, तिघंही चांगले. एक आठवडा ‘तपासण्या चालू आहेत’ म्हणून बाहेर बसलास, की दुसऱ्यानं तुझा शर्ट घातलाच. आणि तक्ता तर वाचता येतच होता. चमकणं पुढे थांबलंही. त्याच्या जागी कडेला, खालच्या बाजूला एक करडी सावली आली. हे त्यानं मला नंतर सांगितलं. शर्टाची कॉलर वर आल्यासारखं वाटायचं, म्हणाला.

मग त्यानं काय केलं? मी शिकवलं होतं तेच. दिसत नाही ना, मग आणखी वळून बघायचं. पूर्वी खांद्यावरून नुसती नजर टाकायचा. आता हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत मान न्यायला लागला. आणि तसं खेळून तो पूर्वीपेक्षा चांगला दिसायला लागला!

देशाकडून तिसऱ्या सामन्याला ताईला आणि मला खास बोलावणं होतं. आदल्या दुपारी क्लबचा टकला कोचही तिथे आला होता. त्यानं मला हाताला धरून लॅपटॉपसमोर बसवलं.

“मामा, हे बघा. चार महिन्यांपूर्वी हा एका सामन्यात तीनशे वेळा मान वळवायचा. आता साडेचारशे. उजवीकडे तर दुपटीनं. माझ्या तीस वर्षांत असा पोरगा नाही बघितला. तुम्ही शिकवलंत म्हणे?”

“बोटं दाखवायचो,” मी म्हटलं.

“ही चित्रफीत मी आता लहान पोरांना दाखवतो. म्हणतो, मान अशी पाहिजे.”

माझी छाती फुगून शर्टाची बटणं तुटायची वेळ आली. एका आजारी पोराची धडपड त्या पडद्यावर चालली होती, आणि आम्ही दोघं जाणते पुरुष ती बघून एकमेकांना टाळी देत होतो.

ताईला मात्र दिसलं. संध्याकाळी जेवताना ती मला हळूच म्हणाली, “अरे, त्यानं पाण्याचा ग्लास उलटवला. उजव्या हाताशी होता. काल कपही पाडला.”

“लहानपणापासूनचा धांदरट आहे ताई. लक्ष सगळं उद्याच्या खेळावर.”

“नाही रे. तो ग्लास शोधत होता.”

“तुला रुग्णालयात राहून राहून सगळीकडे रोगी दिसतात,” मी म्हटलं, आणि तिनं विषय सोडला. आयुष्यभर तिनं माझं ऐकलं नाही. ऐकलं ते नेमकं त्या दिवशी.

त्या सामन्यानंतर दोन दिवस तो घरी आला. त्याच्यावर अर्धं पान लिहायला वर्तमानपत्रातली एक बाई आली, बरोबर फोटोवाला. तिला सामानाच्या खोलीची भिंत बघायची होती आणि बोटांचा खेळही. क्लबातली झाडून सारी पोरं जमली, अध्यक्ष इस्त्रीचा कोट घालून आले. भोवऱ्यानं चेंडू मारला. डावीकडून मी दाखवलेली सगळी बोटं त्यानं बरोबर ओळखली. मग मी उजवीकडे सरकलो, हात कमरेशी धरला, तीन बोटं दाखवली.

“दोन!” तो म्हणाला.

पोरं हसली. त्यानं परत चेंडू मारला. मी हात तिथेच ठेवून चार दाखवली. तो मान पुरती वळवून बघत राहिला, काही बोललाच नाही, चेंडू त्याच्या पायाला लागून भलतीकडे गेला. नऊ वर्षांत तो असा लागोपाठ दोनदा चुकला नव्हता. बाईनं वहीतून मान वर केली. अध्यक्ष खाकरले. मला वाटलं, दमला असेल. मला काय वाटलं ते सोडा. मी काय केलं ते सांगतो. मी हात वर घेतला. कमरेपासून खांद्यापर्यंत, हातभर.

“पाच!” तो ओरडला. “एक! शून्य! दोन!” सगळी बरोबर. बाईनं टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्यानं फोटो काढला. त्या फोटोत माझा हात खांद्याच्या वर आहे. अर्धं पान छापून आलं ते ताईनं भिंतीला लावलं.

चौथा सामना सात आठवड्यांनी झाला. बाविसाव्या मिनिटाला त्यानं मधोमध चेंडू घेतला. मान वळवून उजवीकडे बघितलंही. समोरच्या संघातला एक ठेंगू पोरगा नेमका त्याच बाजूनं खाली घसरत आला आणि चेंडू काढून घेऊन गेला. गोल झाला. दहा मिनिटांनी तीच बाजू, तसाच चेंडू गेला. गोल झाला नाही, पण लोकांनी हुर्यो उडवली. ज्यांनी भोवरा भोवरा केलं होतं त्यांनीच. मध्यंतराला त्याला काढलं. देशाच्या संघाचा कोच त्याला एवढंच म्हणाला, “आज तुझी मान कुठे होती?”

तो घरी आला, चार दिवस कुणाशी धड बोलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी मैदानावर आला. मी नुकत्याच रेघा मारून दोरी गुंडाळत होतो. गोलपाशी उभा राहून तो बराच वेळ बघत राहिला.

“मामा, रेघ वाकडी आलीये.”

माझा पारा चढला. “कोणाची? माझी? एकतीस वर्षं मारतोय मी रेघा! दोन गोल खायला लावून आलास तो माझ्या रेघा तपासायला आलास का?” गोल एकच झाला होता. रागाच्या भरात मी दोन केले.

“मधेच फुगलीये बघ,” तो शांतपणे म्हणाला. “तिथे, वर्तुळापाशी.”

त्याला तोंडघशी पाडायचं म्हणून मी खुंट्या परत ठोकल्या, दोरी ताणली. रेघ दोरीखाली सरळ, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. “बघ!” म्हणून मी वर पाहिलं. तो दोरीकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता.

“दोरी पण वाकडी आहे,” तो म्हणाला.

मी त्याच्याजवळ गेलो आणि माझ्या तळव्यानं त्याचा डावा डोळा झाकला. “आता बघ.”

“आता दोरीच नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं तिच्या रुग्णालयात ओळख काढून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. बारीक चणीच्या, केस पांढरे झालेल्या बाई. त्यांनी भोवऱ्याला समोर स्टुलावर बसवलं, डावा डोळा झाकला आणि म्हणाल्या, “माझ्या नाकाकडे बघा. मी बाजूनं बोटं दाखवीन. किती ते सांगा.”

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत होतो.

बाईंनी उजवीकडे, खाली, दोन बोटं धरली. भोवऱ्याची मान सवयीनं झटकन वळली.

“नाही नाही. मान हलवायची नाही. समोरच बघायचं. आता?”

तो समोर बघत राहिला.

“आता?”

“नाही दिसत.”

बाईंनी हात हळूहळू मध्ये आणला, अगदी त्याच्या नाकासमोर. “आता?”

“नाही.” मग हात वर गेला, भुवईच्या वर. “तिथे काहीतरी हलतंय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. जी तपासणी बाईंनी दोन मिनिटांत केली ती मी त्या पोराची नऊ वर्षं रोज केली होती. फक्त मान वळवायची मुभा देऊन. माझ्या खेळात तो आंधळा झाला असता तरी मी त्याला शाबासकीच दिली असती.

डोळ्याच्या आतला पडदा चेंडूच्या फटक्यानं कडेला फाटला होता, आणि तिथून सहा महिने सुटत सुटत मधोमध आला होता. सुटलेल्या पडद्याला सुरकुत्याही पडल्या होत्या. बाई चांगल्या होत्या, बोलल्या नाहीत, पण ताईनं विचारलंच, “आधी आलो असतो तर?” बाई म्हणाल्या, “पहिल्या महिन्यात आला असतात तर लेझरनं भागलं असतं. अगदी दोन महिन्यांपूर्वीही मधली नजर वाचली असती.” दोन महिन्यांपूर्वी वर्तमानपत्रवाली बाई आली होती. हा हिशेब खोलीत फक्त दोघांनी केला, पण ते मला पुढे कळलं.

दोनदा शस्त्रक्रिया झाली. पडदा चिकटून बसावा म्हणून आठवडा आठवडा पोटावर पालथा पडून राहिला, तोंड खाली करून. ताई जमिनीवर बसून खालून त्याच्याशी बोलायची. एवढं करून उजेड आणि अंधार कळतो, आणि कुणी हात हलवला तर हललेला कळतो. उरलेल्या एका डोळ्याची जोखीम घ्यायला संघाचे डॉक्टर तयार होईनात, त्यांनी खेळायचा दाखला दिला नाही. टकला कोच घरी येऊन गेला. एवढा फटकळ माणूस, चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसला. जाताना मला म्हणाला, “मामा, ती चित्रफीत मी काढून टाकली.” मग अडीच ओळी छापून आल्या.

आता तो वीस वर्षांचा आहे. सकाळी माझ्याबरोबर मैदानावर येतो. कुणी यायला सांगितलं नाही. गाड्यात रंग ओतताना अजून बाहेर सांडतो, कारण एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. सांडला की दोघंही न बोलता माती ओढतो त्यावर. दोरीचं दुसरं टोक तो धरतो.

गेल्या महिन्यात खुंट्या ठोकून झाल्या होत्या. मला राहवेना. किती दिवस आत दाबून ठेवणार? मी त्याला म्हटलं, “भोवऱ्या, त्या वर्तमानपत्रवाल्या बाईसमोर तू दोनदा चुकलास ना, तेव्हा मी हात वर घेतला होता. मुद्दाम. तू बरोबर सांगावंस म्हणून.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“हात वर जाताना दिसला मला. वरचं दिसत होतं तेव्हा.”

माझ्या हातातली दोरी सैल पडली. “मग तेव्हाच बोलला का नाहीस?”

त्यानं खांदे उडवले. “तू काही बोलला नाहीस म्हणून. बोटांत चुकलो की तू फेरी मारायला लावायचास. त्या दिवशी लावली नाहीस. मला वाटलं, मामाला कळलंय, आणि मामा म्हणतोय की चालेल. खेळत राहा.”

मग खरं होतं तेच सांगितलं. “चालणार नव्हतं रे. घाबरलो होतो मी.”

“मी पण,” तो म्हणाला आणि त्यानं गाड्याची मूठ धरली. मी त्याच्या उजव्या बाजूला उभा होतो. तेवढे दोन शब्द माझ्याकडे बघून बोलायला त्याला हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत मान वळवावी लागली.